कारपेंटरचा 'सिगारेट बर्न्स' : हरवलेल्या प्रिंटची भयकथा (मास्टर्स ऑफ हॉरर, डीव्हीडी)

रीळवेडा

सूचना आधीच देतो : या धाग्यात कथानक शेवटपर्यंत उघड होणार आहे. ज्यांना कोरं पाहायचं आहे त्यांनी आधी पाहून यावं, धागा कुठे जात नाही.

भयपट दिग्दर्शक जॉन कारपेंटरचं नाव काढलं की सगळे १९७८ च्या 'हॅलोविन'वर आणि १९८२ च्या 'द थिंग'वर बोलतात. २००१ मध्ये त्याचा 'घोस्ट्स ऑफ मार्स' पडला आणि त्यानंतर २०१० पर्यंत त्याचा एकही चित्रपट आला नाही. त्या सगळ्या वर्षांत त्याने दिग्दर्शक म्हणून जे केलं ते म्हणजे टीव्हीसाठीचे तासाभराचे दोन भाग. दोन्ही 'मास्टर्स ऑफ हॉरर' या मालिकेतले. त्यातला पहिला 'सिगारेट बर्न्स', डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेत शोटाइम वाहिनीवर दाखवला गेला आणि २००६ मध्ये अँकर बे कंपनीने त्याची स्वतंत्र डीव्हीडी काढली. हा भाग म्हणजे त्याच्या उत्तरार्धातलं सर्वात चांगलं काम आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ते का, हे नीट लिहावं म्हणून हा धागा.

गोष्ट अशी. कर्बी स्वीटमन (नॉर्मन रीडस) एक जुनं थिएटर चालवतो आणि दुर्मीळ प्रिंट शोधून देण्याचं काम करतो. त्याच्या डोक्यावर दोन लाख डॉलरचं कर्ज आहे, आणि ते त्याच्या मेलेल्या प्रेयसीच्या, अ‍ॅनीच्या बापाचं आहे. बेलिंजर नावाचा अतिश्रीमंत संग्राहक (उडो कीअर) त्याला बोलावतो आणि एक चित्रपट शोधायला सांगतो : 'ला फॅं अब्सोल्यू द्यू माँद'. हा चित्रपट स्पेनमधल्या सिट्जेसच्या महोत्सवात एकदाच दाखवला गेला, आणि त्या खेळाला प्रेक्षक एकमेकांच्या जिवावर उठले. एक प्रिंट कुठेतरी उरली आहे अशी बेलिंजरची खात्री आहे. त्याच्या घरात त्या चित्रपटातला एक 'पुरावा' साखळीने बांधलेला आहे : पंख छाटलेला, पांढराफटक, माणसासारखा दिसणारा कुणीतरी. हे पात्र कारपेंटर पहिल्या काही मिनिटांतच दाखवून टाकतो. लपवाछपवी नाही, अंधारातून उडी नाही. तिथून पुढे आपण ज्या शोधावर निघतो तो शोध खोटा नाही हे आपल्याला कळलेलं असतं, म्हणून भीती वाढत जाते.

मला यातला सर्वात भारी भाग वाटतो तो मधला. कर्बी एका समीक्षकाला भेटतो. या माणसाने तो चित्रपट पाहिलाय आणि तेव्हापासून तो त्याचं परीक्षण लिहितोय. कागदांचे ढीग लागलेत, परीक्षण संपत नाही. एका थेंबाचंही रक्त न सांडता हा प्रसंग अंगावर काटा आणतो. सिनेमावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो पाहावा.

आणि मग ते ठिपके. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर उमटणारा गोल डाग, यालाच 'सिगारेट बर्न' म्हणतात. कर्बीला तो पडद्यावर नाही, उघड्या डोळ्यांनी समोर दिसायला लागतो, आणि डाग आला की त्यापाठोपाठ अ‍ॅनी दिसते. पात्राच्या डोक्यातली रिळं बदलतायत हे दाखवायला याहून नेमकं काय असणार?

लेखन ड्रू मॅकवीनी आणि स्कॉट स्वान यांचं. संगीत कारपेंटरचा मुलगा कोडी याचं आहे, पण बापाच्याच वळणाचं : मोजके सूर, तेच पुन्हा पुन्हा. डीव्हीडीवर कारपेंटरचं समालोचन (भाग चालू असताना त्यावर केलेलं बोलणं) आहे, लेखकद्वयीचं वेगळं समालोचन आहे, शिवाय त्याची मुलाखत. मला सर्वात उपयोगी वाटलं ते लेखकांचं.

एक तक्रारही नोंदवतो. शेवटच्या दहा मिनिटांत तो शापित चित्रपट आपल्याला तुकड्या-तुकड्यांत दाखवलाय. दाखवायला नको होता. बाकी तुम्ही बोला.

मंगळवारकर

नाद खुळा लिहिलंयस भावा. मी हे बघितलं तेव्हा रात्री दीड वाजला हुता आन् दिवा लावूनच झोपलो. त्यो उडो कीअर! त्याचं नुसतं डोळं बघितलं तरी कळतंय की ह्यो माणूस विकत घेण्यासारखं काय उरलं न्हाय म्हणून असल्या वस्तूच्या मागं लागलाय. पिक्चर बघायला मिळाल्यावर त्याचं जे व्हतंय, स्वतःचं आतडं प्रोजेक्टरला लावतंय, ते बघवत न्हाय. पण खोटं वाटत न्हाय. त्याला तेच पायजे हुतं.

सई_को

धागा आवडला. तक्रारीशी मी सहमत नाही, आणि माझी तक्रार वेगळी आहे.

तुकडे दाखवले ते योग्यच केलं. प्रेक्षकाला तासभर आशा लावून शेवटी भिंतीकडे तोंड करून उभं करणं ही पळवाट झाली असती. आणि दाखवलंय तरी किती? काही क्षण. खरखरीत, कृष्णधवल, जुन्या प्रिंटसारखं. त्यात कथा लागत नाही, नुसती यातना दिसते. पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा जास्त वेळ आहे.

माझा आक्षेप खरे मृत्यू चित्रित करणाऱ्या त्या दालिबोरच्या प्रसंगाला आहे. कर्बी खुर्चीला बांधलेला आणि त्याच्यासमोर टॅक्सीवाल्या बाईचा गळा कापतात. तिचा या गोष्टीशी काही संबंध नाही. तिला नाव नाही, बोलणं जवळपास नाही. ती फक्त कापली जाण्यासाठी आणलेली आहे. समीक्षकाच्या खोलीतल्या संयमानंतर हे पाहिलं की वाटतं, वाहिनीवाल्यांनी रक्ताचा कोटा ठरवून दिला होता की काय.

निशाचर

सई, कोटा होता असं म्हणायला आधार नाही, उलट या मालिकेचं आकर्षणच हे होतं की दिग्दर्शकांना मोकळीक होती. थोडी पार्श्वभूमी देतो, नवीन वाचकांना उपयोग होईल.

मिक गॅरिस हा लेखक-दिग्दर्शक २००२ पासून लॉस एंजेलिसमध्ये भयपटवाल्या मित्रांना जेवायला एकत्र बोलवायचा. कारपेंटर, टोबी हूपर, जो डान्टे, स्टुअर्ट गॉर्डन, लॅरी कोहेन, डॉन कोस्करेली अशी मंडळी. पहिल्याच जेवणाला शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस होता, तेव्हा गिएर्मो देल तोरोने उठून 'मास्टर्स ऑफ हॉररकडून शुभेच्छा' असं म्हटलं, आणि तेच नाव पुढे मालिकेला लागलं. पहिल्या पर्वात १३ भाग. प्रत्येक भाग सुमारे तासाभराचा, बहुतेकांचं चित्रीकरण व्हँकुव्हरला, साधारण दहा दिवसांत. विचार करा, आयुष्यभर मोठ्या पडद्यावर काम केलेल्या माणसाला दहा दिवस मिळतात. म्हणून 'सिगारेट बर्न्स'मध्ये खोल्याच खोल्या आहेत : बेलिंजरची हवेली, समीक्षकाचं घर, पॅरिसमधल्या अभिलेखपालाची जागा, त्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाच्या विधवेचा फ्लॅट. प्रत्येक खोलीत एक माणूस आणि त्या चित्रपटाने त्याचं काय केलं याची हकीकत. पैशाची अडचण लेखकांनी रचनेत मुरवली आहे.

आता दालिबोर. तो प्रसंग मलाही दुसऱ्यांदा पाहवत नाही. पण तो विषयाबाहेरचा नाही. दालिबोर स्वतः कॅमेरा लावून खरा मृत्यू चित्रित करणारा माणूस आहे, आणि त्याचं म्हणणं असं की पडद्यावर खरं मरण आलं की चित्रपटाची ताकद बदलते. कारपेंटर तिथे आपल्यालाही विचारतो : तू काय बघायला बसला आहेस?

सई_को

विचारायला हरकत नाही. पण तो प्रश्न विचारताना आपणही तेच दाखवायचं, आणि तेही केएनबी या स्पेशल मेकअप कंपनीच्या कारागिरांकडून इतकं चोख करून घ्यायचं, तर प्रश्न विचारणारा आणि दालिबोर यांच्यात अंतर किती उरलं? कॅमेरा कर्बीच्या चेहऱ्यावर ठेवला असता तरी प्रश्न पोचला असता. कारपेंटरला ते जमतं. 'हॅलोविन'मध्ये रक्त किती कमी आहे ते आठवा.

रीळवेडा

हा मुद्दा मला पटतो. 'हॅलोविन'ची आठवण अगदी योग्य जागी दिलीत.

जुना_ऑपरेटर

मी इथं फक्त वाचायला येतो. पण ठिपक्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका टॉकीजच्या केबिनमध्ये माझी उमेद गेली.

नव्या मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो. सिनेमा एका अखंड रिळावर येत नसे. दोन हजार फुटांचं रीळ म्हणजे साधारण वीस-बावीस मिनिटं. मिनिटाला नव्वद फूट फिल्म जाते, हिशेब करा. केबिनमध्ये दोन मशिनं. एकावर रीळ चालू, दुसऱ्यावर पुढचं भरून ठेवलेलं, कार्बन पेटवून तयार. रीळ संपायच्या आठ सेकंद आधी वर उजव्या कोपऱ्यात पहिला ठिपका येतो. तो दिसला की दुसऱ्या मशिनची मोटर चालू करायची. मशीन वेग धरतं. मग शेवटच्या सेकंदाला दुसरा ठिपका, आणि तिथं बदल मारायचा : याचा पडदा बंद, त्याचा उघडा, आवाज इकडचा तिकडं. ठिपका चार फ्रेमचा असतो. चोवीस फ्रेमचा एक सेकंद, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. पापणी लवली तर गेला.

सगळं असं झालं तर प्रेक्षकाला काही कळतसुद्धा नाही. आमच्या कामाची शाबासकी म्हणजे कुणाला आम्ही असल्याचं न कळणं.

पण कोल्हापूरला प्रिंट यायची ती मुंबई-पुण्यात चालून. रिळाचं तोंड आणि शेपूट सर्वात आधी खराब होतं, कारण हात तिथंच लागतो. तुटलं की कापायचं आणि जोड मारायचा. असं कापत कापत मूळ ठिपकाच निघून जायचा. मग आधीच्या गावच्या ऑपरेटरनं खिळ्यानं किंवा पत्र्याच्या टोकानं फिल्म खरवडून स्वतःची खूण केलेली असायची. कधी फुली, कधी गोल, कधी नुसती आडवी रेघ. एका रिळावर तीन गावांच्या खुणा मी पाहिल्या आहेत. कोणती खरी ते पहिल्या खेळाच्या आधी रीळ हातावर फिरवून ठरवायचं. नाहीतर गाण्याच्या मधेच पांढरा पडदा आणि खाली शिट्ट्या.

एकच प्रिंट दोन टॉकीजला लावायची तेव्हा तर रीळ सायकलवरून यायचं. आमचं संपलं की पोऱ्या पळत खाली. पावसाळ्यात काय व्हायचं ते विचारू नका.

तुमचा हा भाग मी पाहिलेला नाही. त्या पोराला मशीन बंद असताना ठिपके दिसतात असं लिहिलंय. नोकरी सुटल्यावर मलाही काही दिवस टीव्ही बघताना नजर उजव्या कोपऱ्यात जायची.

मंगळवारकर

काका, दंडवत. तीन गावांच्या खुणा हे वाचून सुन्न झालो.

रीळवेडा

काका, तुमचा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा मोलाचा आहे. आणि त्यातून या भागाबद्दल एक गोष्ट मला नव्याने कळली. प्रत्येक प्रिंट ही वेगळी वस्तू असते. तिच्यावर ती चालवणाऱ्यांच्या हाताच्या खुणा असतात. 'ला फॅं अब्सोल्यू'ची एकच प्रिंट उरली आहे आणि म्हणून ती ज्याच्या हातून जाते त्याच्या आयुष्याचा भाग होते, हे कारपेंटरला माहीत आहे. डिजिटल फाइलवर ही गोष्ट लिहिताच आली नसती.

भवानी_मंडप

काकांच्या प्रतिसादानंतर राहवत नाही म्हणून लिहितो. विषय थोडा गावाकडे वळेल.

हरवलेली एकमेव प्रिंट ही परदेशी भयकथेतली कल्पना वाटते, पण आपण ज्या कोल्हापुरात बसून हे वाचतोय त्याचा अर्धा इतिहास असाच हरवलेला आहे. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी इथे काढली. परदेशी कॅमेरा मिळेना म्हणून स्वतः कॅमेरा तयार केला, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. पोस्टर त्यांचं, नेपथ्य त्यांचं, प्रकाशयोजना त्यांची. 'सैरंध्री' आज कुणीही पाहू शकत नाही. १९२५ चा मूकपट 'सावकारी पाश' भारतीय सिनेमातल्या वास्तववादाची सुरुवात म्हणून प्रत्येक पुस्तकात येतो, आणि त्याबद्दल लिहिणाऱ्या बहुतेकांनी तो पाहिलेला नाही. त्यांच्याच तालमीतले दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम यांनी १९२९ मध्ये इथेच प्रभात काढली, १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. प्रभातच्या त्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

आता आगीचं बघा. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत, १९४८ मध्ये, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. 'मीठभाकर'चं काम त्यात गेलं आणि भालजींनी तो पुन्हा उभा केला. पुढे जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, त्याच प्रभातच्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली. मूकपटांच्या आणि सुरुवातीच्या बोलपटांच्या कितीतरी रिळांची राख झाली. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की विझवणं जवळपास अशक्य, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या स्वतःतच असतो. पाण्याखालीही जळते.

म्हणून 'सिगारेट बर्न्स' पाहताना मला बेलिंजरपेक्षा त्या पॅरिसमधल्या अभिलेखपालाचा प्रसंग जास्त लागतो. ज्याचं काम चित्रपट जपायचं, तोच या चित्रपटापासून दूर राहा म्हणून सांगतो.

शाहूपुरी_५वी_गल्ली

भवानी_मंडप, माहिती उत्तम. पण एक वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

'सैरंध्री' आणि बेलिंजरचा चित्रपट एका माळेत गुंफता येणार नाहीत. बेलिंजरला चित्रपट हवा आहे तो इतरांकडे नसावा म्हणून. त्याने त्या चित्रपटाच्या सामानाबरोबर एका जिवंत देहालाही साखळदंडात ठेवलंय आणि पाहुण्यांना दाखवतो. 'सैरंध्री'चं रीळ उद्या कुठल्या माळ्यावर सापडलं तर आपल्याला ते गावाच्या पडद्यावर लावायचं आहे. प्रेम दोन्हीकडे आहे असं वाटतं, पण एकात चावी खिशात आहे आणि दुसऱ्यात दार उघडं. कारपेंटरचा भाग मला आवडतो तो याच कारणाने : त्याने संग्राहकाचं कौतुक केलेलं नाही. शेवटी रीळ कुणाकडे जातं बघा. त्या बांधलेल्या जीवाकडे. तो सुटतो, डबे उचलतो, कर्बीचे आभार मानतो आणि निघून जातो. ज्याच्या अंगावरून तो चित्रपट काढला त्याचीच ती वस्तू होती.

भवानी_मंडप

राग कसला! हा शेवट मी असा वाचला नव्हता. पटलं. फक्त एवढंच जोडतो की आपल्याकडे चावी खिशात ठेवणारेही झाले आणि त्यांच्यामुळेच काही गोष्टी वाचल्या. जुन्या फिल्ममधली चांदी काढून घ्यायला रिळं भंगारात देणाऱ्यांच्या काळात ज्याने हव्यासापोटी एखादा डबा दडवून ठेवला, त्याचे मी आभारच मानीन.

निशाचर

या मालिकेचा आणि घरी बघायच्या डिस्कचा संबंध अजून निघाला नाही, आणि या धाग्यात तो यायलाच हवा. पहिल्या पर्वातला ताकाशी मीकेचा 'इम्प्रिंट' हा भाग शोटाइमने दाखवलाच नाही. सगळी मोकळीक देऊन झाल्यावर तयार भाग पाहून वाहिनी मागे सरली. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना तो २००६ मध्ये थेट डीव्हीडीवर मिळाला. म्हणजे 'दाखवू नये असा चित्रपट' या विषयावर भाग करणाऱ्या मालिकेतलाच एक भाग दाखवू नये असा ठरला, आणि वाचला तो डिस्कमुळे.

अँकर बेने प्रत्येक भागाची वेगळी डीव्हीडी काढली याबद्दल तेव्हा लोक कुरकुरले, कारण तासाभराच्या एकेका भागाला पूर्ण चित्रपटाएवढा पैसा. मला मात्र ते योग्य वाटतं. एका भागासाठी दोन समालोचनं आणि मुलाखती हा मान टीव्हीच्या भागाला सहसा मिळत नाही. नंतर ब्लू-रेवर दोन-तीन भाग एकत्र आले. चित्र अर्थातच जास्त स्वच्छ, पण मला 'सिगारेट बर्न्स' डीव्हीडीवरच बरा दिसतो. त्यातला काळोख थोडा दाट आणि मऊ राहतो.

सई_को

डिस्कवरून एक कामाचं सांगते, कोल्हापूरकरांना उपयोगी पडेल. २०१९ च्या ऑगस्टच्या महापुरात आमच्या तळमजल्यावर पाणी आलं आणि माझा सगळा संग्रह दोन दिवस गाळात होता. खोकी, छापील कव्हरं सगळं गेलं. डिस्क मात्र पुष्कळ वाचल्या.

डीव्हीडीत माहितीचा थर दोन प्लास्टिकच्या चकत्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे ती बाहेरच्या पाण्याला टिकते. सीडीचा थर छापलेल्या बाजूच्या अगदी खाली असतो, वर नुसतं लॅकर. म्हणून माझ्या गाण्यांच्या सीडी गेल्या आणि चित्रपट राहिले. गाळ वाळू द्यायचा नाही. ओला असतानाच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली धरायचं, घासायचं नाही, कारण त्यातली वाळू ओरखडे काढते. मग मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. गोल ओरखडा माहितीच्या रेषेतच जातो आणि प्लेअरला तो भरून काढता येत नाही.

'सिगारेट बर्न्स'ची डिस्क त्यातून वाचलेली आहे. कव्हर नाही, पण चालते.

मंगळवारकर

ताई, हे वेगळं लिवून ठिवा, दरसाली लागतंय आमच्याकडं. आमच्या घरात पंचगंगा आली की पयला टीव्ही माळ्यावर जातोय.

बाकी एक इचारायचं हुतं. झी हॉरर शो बघून मोठा झालेला माणूस मी. रामसे बंधूंचा, १९९३ चा. त्यात बी येगयेगळ्या गोष्टी हुत्या. त्याचं आन् ह्याचं नातं लागतंय का?

रीळवेडा

लागतं, आणि चांगलं लागतं. तिथेही चित्रपटातले अनुभवी भयपटवाले टीव्हीवर आले होते. श्याम आणि तुलसी रामसेंनी मोठ्या पडद्यावरचं धुकं, हवेली, दाराची करकर सगळं सोबत आणलं. फरक मांडणीत आहे. रामसेंची एक गोष्ट बऱ्याचदा अनेक आठवड्यांवर पसरायची, त्यामुळे दर भागाच्या शेवटी एक दचका लागायचा. 'मास्टर्स ऑफ हॉरर'मध्ये गोष्ट एका बैठकीत संपते, आणि दर वेळी दिग्दर्शक वेगळा. डारिओ आर्जेन्टोचा 'जेनिफर' आणि जो डान्टेचा 'होमकमिंग' लागोपाठ पाहिलेत तर एकाच मालिकेतले आहेत हे खरं वाटणार नाही. पहिल्यात रंग आणि किळस, दुसऱ्यात युद्धात मेलेले सैनिक मत द्यायला परत येतात. डान्टेने इराक युद्ध चालू असताना ते केलं, त्या धाडसाला मी कारपेंटरच्या खालोखाल मानतो.

पण रामसेंच्या त्या भागांचं पुढे काय झालं हा प्रश्न मला छळतो. पूर्ण संच, स्वच्छ चित्रासह, समालोचनासह कुणी काढला असता तर! त्यातल्या मेकअपवर आणि पार्श्वसंगीतावर बोलू शकणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत.

शाहूपुरी_५वी_गल्ली

याला माझं पूर्ण अनुमोदन. अमेरिकेत दहा दिवसांत केलेल्या टीव्हीच्या भागावर दोन-दोन समालोचनं आहेत, आणि आपल्याकडे चाळीस-चाळीस वर्षं काम केलेल्या लोकांचा आवाज कुठे मुद्रित नाही. त्या दृष्टीने काकांनी वर जे लिहिलंय ते समालोचनच आहे. काका, अजून लिहा. कार्बनबद्दल लिहा, सायकलवाल्या पोऱ्याबद्दल लिहा.

जुना_ऑपरेटर

लिहीन. कार्बनच्या दोन कांड्या असतात, एक जाड एक बारीक. त्यांच्यातलं अंतर सतत हातानं नाहीतर मोटरनं सांभाळावं लागतं, कारण त्या जळत जातात. अंतर वाढलं की पडदा निळसर, मग अंधार. उन्हाळ्यात केबिनमध्ये सदरा अंगावर राहत नसे. धूर जायला वर पन्हाळी असायची. पुढं झेनॉन दिवे आले, तेव्हा छातीला बरं वाटलं, पण कार्बनचा उजेड जिवंत होता. तो थोडा हलायचा.

भवानी_मंडप यांनी नायट्रेटचं लिहिलं ते बरोबर आहे. मी लागलो तेव्हा सगळी सेफ्टी फिल्म, म्हणजे सहज पेट न घेणारी, आली होती, पण माझ्या उस्तादांनी नायट्रेट चालवली होती. केबिनचं दार लोखंडी का आणि भिंतीतल्या खिडकीला पडणारी लोखंडी झापडं का, हे त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं. आग लागली तर झापड पाडायची म्हणजे खालचे लोक वाचतात. वरच्याचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मला हा भाग पाहायचा आहे. इंग्रजी कानाला नीट कळत नाही, अक्षरं खाली आली तर वाचता येतं. रक्ताचं मला काही नाही.

सई_को

काका, माझी डिस्क मी देते. अमेरिकेतली आहे, म्हणजे रिजन एकची, आपल्याकडे रिजन पाच चालतं. म्हणून सगळे रिजन वाचणारा प्लेअर लागेल. तोही माझ्याकडे आहे, सोबतच आणीन. टीव्हीवर चित्र सोळा-नऊवर ठेवा, नाहीतर माणसं लांबट दिसतात. अक्षरांचं मी आधी तपासते. तुमच्या मनासारखी आली नाहीत तर शेजारी बसून मी सांगत जाईन.

रीळवेडा

मीही येतो, काकांची हरकत नसेल तर. आधी नुसता भाग, मग लेखकांचं समालोचन लावू. आणि सई, दालिबोरचा प्रसंग पुढे सरकवायचा असेल तर सांगा.

सई_को

नाही, राहू दे. काकांना पूर्ण बघायचाय. त्यांचं मत ऐकल्यावर माझा आक्षेप टिकतो का ते बघू.

जुना_ऑपरेटर

या सगळे. मंगळवारकर, तुम्हीही या. रविवारी दुपारी चारनंतर कधीही. चहा आमच्याकडं.

निशाचर

मी पुण्यात, येऊ शकत नाही. पण पाहून झालं की काकांनी काय म्हटलं ते इथेच लिहा. 'इम्प्रिंट'साठी मी वेगळा धागा काढतो, त्यात जपानी भयपट आणि वाहिन्यांची सेन्सॉरशिप असं दोन्ही घेता येईल. कारपेंटरच्या दुसऱ्या पर्वातल्या 'प्रो-लाइफ'वर कुणाला लिहायचं असेल तर इथेच लिहा. माझ्या मते तो याच्या जवळपासही येत नाही, पण रॉन पर्लमनचं काम बघण्यासारखं आहे.